कापसावरचा आळ

डॉक्टरांनी स्क्रीन नजीरकडे वळवली आणि पेनाच्या टोकाने फुप्फुसातल्या पांढऱ्या रेषा दाखवल्या. नजीरला त्यातलं काही कळलं नाही, तरी त्याने दोनदा मान हलवली. मागे बाकावर त्याची बायको मेहरुन बसली होती आणि तिला चिकटून त्यांची नऊ वर्षांची मुलगी आयत खोकत होती. आयतला जन्मापासून डाउन सिंड्रोम. त्यात वर्षभरापूर्वी आतड्यांचा आजार जडला, शौचातून रक्त जाऊ लागलं. ते जरा आटोक्यात येतंय तोच हा खोकला.

"आतड्यांसारखी सूज फुप्फुसांतही आली आहे," डॉक्टर म्हणाले. "या आजारात क्वचित असं होतं."

"आन कापूस?"

"कापूस कसला?"

"मी पिंजारी शे, साहेब. धरणगावले गाद्या भरस. बठ्ठा शेजारी म्हणतस, तुना कापूसमुये पोरले खोकला शे."

"कापसाची धूळ वाईटच. पण हे कापसाने झालेलं नाही."

धरणगावात फुकटच्या सल्ल्याला तोटा नाही, आणि 'पोरीपासून लांब राहा' हा नजीरने इमानाने पाळला होता. चार महिने तो दुकानातच जेवला, दुकानातच झोपला. आयतला काही शिकवायचं म्हणजे महिने लागत. हे त्याने स्वतः शिकवलं. ती धावत आली की तो तळहात पुढे करून "दूर" म्हणे. आधी ती रडायची. मग हळूहळू उंबऱ्याशीच थांबू लागली.

"बरी व्हई ना?"

"औषध सुरू करू. किती भरून येईल, आज सांगता येत नाही."

नजीरला शेजाऱ्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. कापूस दोषी होता तोवर निदान तिला त्याच्यापासून लांब तरी ठेवता येत होतं. आता काय करायचं, हे त्याला कुणी सांगत नव्हतं.

तो उठला. बाकासमोर उकिडवा बसला आणि त्याने दोन्ही हात पसरले.

"ये, बेटी. आते जवय ये."

आयत त्याच्याकडे बघून तोंडभर हसली. मेहरुनच्या पाठीमागे सरकली, छोटासा तळहात पुढे केला आणि खोकता खोकताच म्हणाली, "दूर."

मग आपलं बरोबर आलं ना, म्हणून तिने आईकडे पाहिलं.