बाकीझिओचा खर्ज

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे, पण मला घालून कुणी कधी उन्हात गेलं नाही. ताणल्या जाणाऱ्या कापडात धातूच्या चकत्या बसवून मला घडवलं आणि सार्डिनिया बेटावरच्या एका इस्पितळात धाडलं. तिथे बोनारिया नावाची तंत्रज्ञ चकत्यांखाली गार मलम भरून मला रुग्णाच्या डोक्यावर चढवी. मग मेंदूचा एक भाग दुसऱ्याला काय सांगतो, ते मी ऐकत बसे. माणसाने डोळे मिटले की आत संथ लाटा उठत आणि मलाही गुंगी येई.

आमच्या बेटावर मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार जरा जास्तच. त्यात मज्जातंतूंवरचं आवरण झिजतं, निरोप रखडतात, कधी विचारही मंदावतो.

बाकीझिओ दर वर्षी तपासणीला यायचा. गावच्या चौघांच्या गायनात खर्ज त्याचा. मुख्य गायकाने ओळ म्हटली की याने खालून सूर लावायचा. हल्ली तो मागे पडे. सोबत्यांना वाटे, पिऊन येतो. आपल्यालाही हा आजार आहे, हे त्याने लपवलंच होतं.

एकदा पाय उचलेना, म्हणून मुख्य गायक अँतिओको त्याला गाडीतून घेऊन आला.

"पाय कसला जड होतोय! बाटली चढली असेल," तो दारातूनच म्हणाला. "जत्रेला मी दुसरा खर्ज बघतोय, आत्ताच सांगून ठेवतो."

बोनारियाने बाकीझिओला खुर्चीत बसवून मला त्याच्या डोक्यावर चढवलं. कानाला लावलेल्या यंत्रातून एकसारखी टुकटुक सुरू झाली. वेगळा सूर आला की त्याने बटण दाबायचं. तो सूर त्याच्या मेंदूत शिरला, रेंगाळला आणि गेल्या वर्षीपेक्षाही उशिरा पोहोचला. मला फार वाईट वाटलं.

"तूच सांग बाई याला," बाकीझिओ बोनारियाला म्हणाला. "दारुडा म्हणवून घेणं सोपं होतं."

"त्याला ऐकू येतं, कळतंही," तिने आजार सांगून म्हटलं. "निरोप पोहोचायला वेळ लागतो, एवढंच."

अँतिओकोचा चेहरा पडला. "गाढवा, मला सांगायचं नाहीस होय?"

आणि तिथेच त्याने गाण्याची ओळ धरली. शेवटचा सूर तो सोडेचना. चेहरा लालबुंद झाला तरी लांबवत राहिला. मी अजून बाकीझिओच्या डोक्यावरच होते. निरोप निघाला, अडखळला, दुसऱ्या वाटेने वळला आणि खालून खर्ज उठला. माझ्या चकत्या थरथरल्या. जत्रेसाठी मग दुसरा खर्ज कुणी शोधला नाही.

आता नवी टोपी आली आहे, मी कपाटात पडून असते. त्याचं काही नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरी कुणी उत्तर द्यायला वेळ लावत असेल, तर तोंड फिरवू नका. जरा दम धरा. उत्तर निघालेलं असतं.