दोन्ही सारखंच

चष्मेवाले दिवसभरात एकच प्रश्न तीनशे वेळा विचारत. “हे बरं, की हे?” गिऱ्हाईक उंच खुर्चीत, त्याच्या नाकावर तपासणीची जाड चौकट, समोर अक्षरांचा तक्ता, आणि चष्मेवाले एकेक काच पुढे धरून त्याला निवड करायला लावणार. भले भले लोक त्या खुर्चीत गडबडत. अगदी शेवटी दांडीला लावलेली एक काच असे, ती उलटसुलट फिरवून विचारायचं. गिऱ्हाईक म्हणालं, “आता दोन्ही सारखंच,” की काम फत्ते. नंबर बरोबर आला, कागदावर लिहून टाकायचा.

बावीस वर्षं हे केल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? ‘दोन्ही सारखंच’ हेच जगातलं सगळ्यात शहाणं उत्तर, असं चष्मेवाल्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. पडदे निळे की पिवळे? दोन्ही सारखेच. सुट्टीत डोंगर की समुद्र? दोन्ही सारखेच. परिणामी घरात एका खिडकीला निळा पडदा होता, दुसरीला पिवळा, आणि सुट्टीत ते घरीच असत. बायकोनं पूर्वी यावर पुष्कळ डोकेफोड केली. हल्ली ती स्वतःच ठरवून मोकळी होई.

पण यंदाच्या टेबल टेनिसचं तिला ठरवता येईना. क्लबात दरवर्षी जोड्यांची स्पर्धा होई, आणि नऊ वर्षं चष्मेवाले आपल्या मेहुण्याला, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला, घेऊन खेळत. नऊही वर्षं पहिल्याच फेरीत घरी येत. जोडीत एकानं फटका मारला की पुढचा दुसऱ्यानं मारायचा, म्हणजे मारून झालं की बाजूला व्हायचं. मेहुणा बाजूला होत नसे. अंगानं कपाटासारखा, आणि हलायलाही तसाच. गेल्या वर्षी दोघांची डोकी अशी आपटली की चष्मेवाल्यांचाच चष्मा फुटला. बायको मात्र रविवारी सकाळी रिकाम्या क्लबात नवऱ्याला अकरा-चार, अकरा-पाच अशी धूळ चारायची. अशाच एका रविवारी ती म्हणाली, “यंदा जोडीला मला घ्या की.” म्हणाली सहज, पण नंतर बराच वेळ बॅट पुसत बसली. चष्मेवाल्यांना ते दिसलं होतं.

आणि तरी ते काय म्हणाले? “बघू.” हिला घ्यावं तर मेहुण्याला वाईट वाटणार, त्याला घ्यावं तर हिला. नावं द्यायची मुदत शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत होती, आणि शनिवारचे पाच वाजून गेले तरी हे घोंगडं भिजत पडलेलं.

सव्वापाचला बायको दुकानात आली. बाकावर निवृत्त पोस्टमास्तर तेवढे होते. शेजारच्या डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले होते, आणि अंमल उतरेपर्यंत ते इथे डोळे मिटून बसले होते.

“माझा नंबर काढा,” म्हणत ती खुर्चीत चढून बसली.

“आत्ता?”

“का, मी गिऱ्हाईक नाही?”

चष्मेवाल्यांनी मुकाट्यानं चौकट चढवली आणि दोन काचा दाखवल्या. “हे बरं, की हे?”

“दोन्ही सारखंच.”

त्यांनी काचा बदलल्या. दोन्ही सारखंच. पुन्हा बदलल्या. दोन्ही छान. शेवटी त्यांनी खणातली सगळ्यात जाड काच काढली, जिच्यातून समोर नुसतं धुकं दिसतं.

“आणि हे?”

“हेही चालेल.”

“अगं, यातून तुला भिंत तरी दिसते का?”

“दिसली काय, न दिसली काय. माझं काही म्हणणं नाही.”

चष्मेवाल्यांचा पारा चढला. धंद्याच्या बाबतीत ते कोणाचं ऐकून घेत नसत. “अगं, एक काहीतरी बरं म्हटल्याशिवाय मी पुढे जाऊ कसा? दोन्ही सारखंच हे अगदी शेवटी म्हणायचं असतं. पहिल्यापासूनच म्हणायला लागलं, तर त्याचा अर्थ माणूस बघतच नाहीये!”

बाकावर पोस्टमास्तर पाय हलवत होते, तो थांबला. चष्मेवाल्यांना आपलंच वाक्य ऐकू आलं आणि त्यांना मनापासून लाज वाटली.

“हरलो तर हरलो,” बायको चौकटीआडून हळूच म्हणाली. “पण एकदा तरी तुम्ही मला निवडलेलं बघायचंय मला.”

“तू,” चष्मेवाले म्हणाले. “यंदा जोडीला तू. मला तूच हवी आहेस.”

धीर ओसरायच्या आत त्यांनी मेहुण्याला फोन लावला. हातात काच होती, म्हणून फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला. “हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस, पण यंदा मी तुझ्या ताईबरोबर खेळणार आहे.”

पलीकडे मोठा सुस्कारा ऐकू आला. “सुटलो बुवा! भावोजी, मी सकाळीच क्लबातल्या त्या शिंप्याबरोबर नाव दिलंय. तुमचं काही ठरेना, आणि तुम्हाला सांगायचं कोणत्या तोंडानं ते मला कळेना.”

फोन बंद झाला. बायकोनं चौकट काढून मांडीवर ठेवली. “म्हणजे तो नाहीच आहे,” ती म्हणाली. “मी उरले म्हणून.”

“नाही गं, मला कुठे माहीत होतं? मी आधीच...” चष्मेवाल्यांची जीभ अडखळली. बावीस वर्षं ठामपणे काही म्हणायची सवयच नव्हती, तर आता विश्वास तरी कोण ठेवणार?

“आधी ‘तू’, मग फोन,” बाकावरून आवाज आला. पोस्टमास्तरांचे डोळे मिटलेलेच होते. “मला दिसत काही नाही, पण ऐकू स्वच्छ आलं. चौतीस वर्षं टपालावर तारखेचे शिक्के मारलेत मी. आधीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं, यात माझी चूक होत नाही.”

बायको हसली. आधी पोस्टमास्तरांकडे बघून, मग नवऱ्याकडे. “नंबर सोमवारी काढू. सहाला वीस मिनिटं आहेत. चालत जायचं की स्कूटरनं?”

“दोन्ही...” चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं. पोस्टमास्तर खाकरले.

“स्कूटरनं,” चष्मेवाले म्हणाले. “आणि तू चालव. माझ्यापेक्षा तू बरी चालवतेस.”

क्लबात पोचल्यावर त्यांनी फॉर्म मागून घेतला आणि कोणी विचारायच्या आत आधी तिचं नाव लिहिलं, मग स्वतःचं.