पाचव्या धड्याचा चिंचोका

मित्रांनो, जोरात शिंकलात तर उडून जाईन, एवढासा मी एक जुना, अर्धा चिंचोका आहे.

नळदुर्गात शरिफाबी चिंच फोडतात. त्यांच्या पाटीतून त्यांच्या लेकीनं, सानियानं, आम्हाला उचललं आणि दगडावर घासून फोडलं. पाठीकडून काळे, पोटाकडून पांढरेशुभ्र असे आम्ही पाच जण! सानिया आणि तिची मैत्रीण मिनाज आम्हाला उधळून खेळायच्या. मग मिनाज तुळजापूरला राहायला गेली. खेळ थांबला, आणि आमच्यावर धूळ बसली.

एक दिवस तिनं आम्हाला पुसलं. तुळजापूरच्या गणित शिबिरात मिनाजची निवड झाली होती, सानियाची चाचणी बाकी होती. पाच धडे, प्रत्येकावर एक 'चूक की बरोबर' प्रश्न. निदान चार उत्तरं जमली तरच मिनाजसोबत आठ दिवस!

"अम्मी, नुसते अंदाज ठोकले तर?" पाच उत्तरं बत्तीस तऱ्हांनी लागू शकतात, म्हणून तिनं आम्हाला बत्तीस वेळा टाकलं. पांढरं म्हणजे जमलं. सतरा वेळा चार किंवा पाच पांढरे! "निम्म्याहून जास्त! आता अभ्यास कशाला?"

शरिफाबी हसल्या. "येडी का तू? चिंचोक्याची पाठ फुगीर. तो पाठीवरच लोळणार, पांढरं वर येणार. तुझा पेपर काय पाठीवर लोळतोय व्हय?"

सानियानं कागदावर मांडलं. पाचही जमायची तऱ्हा एक, कुठला तरी एकच चुकायच्या पाच. बत्तिसांत फक्त सहा! तिचं तोंड एवढंसं झालं.

मग ती पुस्तकाला चिकटली. धडा पक्का झाला, की एक चिंचोका खिडकीत. तिघं गेले. खाली आम्ही दोघंच.

"आता दोनातला एक जमला तरी बास. चारात तीन वेळा जमतंय की!" म्हणत ती चाचणीला गेली. पाचवा धडा तिनं उघडलाच नाही. तो धडा म्हणजे मी.

परत आली ती उड्या मारतच. "अम्मी, चार जमले! चौथा अंदाजानं लागला, पाचवा तेवढा चुकला." मिनाजला दाखवायला तिनं चौघांना रुमालात बांधलं. मला म्हणाली, "तू बस इथंच, नापासा!"

एसटी गेली. शरिफाबी झाडताना मला उचलतात, पुन्हा तिथंच ठेवतात. दिवस लई लांब वाटतो.

मित्रांनो, माझ्याकडं कुणी बघितलंच नव्हतं, मग चुकलं कुणाचं? तुमचाही एखादा धडा असा राहिला असेल, तर त्याला नावं ठेवू नका. घरी आलात, की आधी त्याच्याजवळ बसा.