कोरा लगदा

माझ्या सासरी कागदाला पाय लागलेला चालत नसे. चुकून लागलाच तर कागद उचलायचा, डोळ्यांना लावायचा आणि मगच पुढचं काम. लग्न होऊन जुन्नरच्या कागदी मोहल्ल्यात आले तेव्हा मला याचं हसू यायचं. अंगणात कागद, भिंतीवर कागद, माळ्यावर कागद. माणसानं पाय ठेवायचा तरी कुठं? पण हे सासऱ्यांपुढं, रहमतुल्लांपुढं, बोलायची छाती नव्हती, आणि मी काही कमी तोंडाळ नव्हते.

सत्तावन्न-अठ्ठावन्न साल असेल. गिरणीचा कागद आला आणि मोहल्ल्यातले लगद्याचे बहुतेक हौद कोरडे पडले. माझ्या नवऱ्यानं, महंमद हनीफनं, सायकलचं दुकान टाकलं होतं. हौदाला धरून राहिले होते ते सासरे आणि माझी विधवा नणंद नजमुन्निसा. दोघं कचेऱ्यांतली रद्दी आणायची, भिजवायची, कुटायची, कुकडी नदीच्या पाण्यात धुवायची आणि त्या लगद्याचा पुन्हा कागद काढायची. वाण्यांना पुड्या बांधायला तो बरा पडे.

माळ्यावरच्या एका रांजणात मात्र वेगळा लगदा होता. बोरी बुद्रुकहून आणलेल्या सणाच्या, तागासारख्या वाखाचा, सासऱ्यांनी स्वतः कुटलेला आणि वड्या करून वाळवलेला. त्यांच्या आजोबांच्या हातच्या कागदावर कुराण लिहिलं गेलं होतं. आपल्याही कागदावर लिहिलं जावं, एवढी एकच हौस त्या माणसानं आयुष्यात धरली होती. चांगला लिहिणारा मिळाला की कागद काढू, असं ते म्हणत. त्या रांजणाला आम्ही झाडतानासुद्धा हात लावत नसू.

दर रविवारच्या बाजाराला आंबेगावच्या डोंगरातून गोजरबाई यायची. हिरडा, मध, मेण असं घेऊन. ओझं आमच्या ओट्यावर टेकवायची, पाणी प्यायची, मग बाजारात जायची. त्या रविवारी तिच्याबरोबर तिची लेक होती, भागू. विशी-बाविशीची असेल. मी घोंगडी टाकली तर ती बसेना. दाराबाहेरच्या दगडावर अंग चोरून टेकली. थोड्या वेळानं वास आला. मी नाक मुरडलं, हे खोटं कशाला बोलू? नजमुन्निसानं माझ्याकडं असं बघितलं की मी मुकाट्यानं आत गेले.

गोजरबाईनं मग सगळं सांगितलं. भागूचं पहिलं बाळंतपण अडलं. पोर मेलेलं निघालं, आणि तेव्हापासून लघवी थांबतच नव्हती. झोपेत, चालताना, सारखी. नवऱ्यानं माहेरी आणून सोडली. घोडेगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आत भोक पडलंय, पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात ते शिवतात, बाई बरी होते.

"मग नेली न्हाईस?" नजमुन्निसानं विचारलं.

"नेली की, बाई. लुगड्याच्या घड्या घालून एस्टीत बशिवली. मंचर येईस्तोवर बाक भिजला. लोकांनी नाकाला पदर लावलं. हिनं जी उडी टाकली खाली, ती चालत माघारी. आता म्हणती, मरंन पण गाडीत बसायची न्हाई."

भागू दगडावर बसून सगळं ऐकत होती. मान वर केली नाही.

नजमुन्निसा त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "भाभी, कापडानं भागायचं नाय. भिजलं की जड होतं, मांडी सोलते, आणि वाटेत धुवायचं कुठं, वाळवायचं कुठं? ओलं झालं की टाकून देता आलं पायजे."

"टाकून द्यायला कापड काय झाडाला लागतं?"

"कापड नाय. कागद."

मला वाटलं हिचं डोकं फिरलं. पण मला खरं तर ती आवडायला लागली ती त्या दिवसापासून. तोवर आम्ही नणंद-भावजयीसारख्याच होतो.

भागूला तिनं घरातच ठेवून घेतलं, मागच्या पडवीत. सासऱ्यांना सांगितलं की आजारी आहे, औषध चालू आहे. आणि ते हौदावर नसले की आमचं काम चालायचं.

पहिली घडी तिनं घरातल्या उत्तम कागदाची केली. खळ दिलेला, अकीकाच्या दगडानं घोटून आरशासारखा चकचकीत केलेला. त्यावर तांब्यातलं पाणी ओतलं, तर पाणी गोळे होऊन कडेनं खाली गेलं आणि घडी आतून कोरडी ठणठणीत! आम्ही दोघी बघत राहिलो. शाई फुटू नये म्हणून ज्यांच्या सात पिढ्यांनी कागद घोटला, त्या घरच्या पोरीला सुचून सुचून चांगला कागदच सुचायचा. मी हसले, तीही हसली, आणि पडवीतून भागू पहिल्यांदा हसल्याचं ऐकू आलं.

मग तिनं खळ न दिलेला कच्चा कागद घेतला. तो पाणी असं प्यायला की भांडं उपडं केलं तरी थेंब पडेना. पण बसल्यावर त्याचा काला व्हायचा आणि अंगाला चिकटायचा. वर काहीतरी हवं होतं, पाणी खाली सोडणारं आणि स्वतः कोरडं राहणारं. शेजारच्या गल्लीतल्या झुबेदा पिंजारणीकडून पिंजलेला कापूस आणला. पातळ पसरला की छान, पण हात लावला की विरून जायचा.

ते जमलं एका चुकीनं, आणि ती चूक माझी. तळाच्या कागदाला पाजायला तापवलेली गोजरबाईच्या मेणाची वाटी चुलीवरून उतरवताना माझा हात भाजला, आणि मेणाचे थेंब पसरलेल्या कापसावर उडाले. नजमुन्निसा ओरडणार म्हणून मी तयारच होते. ती मात्र खाली बसून बघत होती. जिथं जिथं थेंब पडले तिथं कापूस धरून राहिला होता, आणि मधल्या जागेतून पाणी सरळ खाली जात होतं. तिनं गवताच्या काडीनं मेणाचे ठिपके द्यायला सुरुवात केली, पेरणी केल्यासारखे, ओळीनं. वर कागद ठेवून गरम इस्त्री फिरवली. उचललं तर हातात कापड. ना सूत, ना माग.

तळाला तिनं तोच पहिला घोटलेला कागद लावला, मेण पाजून. तो घडीवर तडकायचा आणि तडकीतून पाझरायचा. मेणात जवसाचं तेल घातल्यावर मऊ पडला, पातळ कातड्यासारखा. असे तीन थर झाले. वरचा पाणी सोडणारा, मधला पिणारा, खालचा अडवणारा. कडा खळीनं चिकटवल्या. भागूनं ती घडी लावली आणि पडवीत पांढऱ्या चादरीवर बसली. आम्ही भाकरी केल्या, भांडी घासली, परत आलो. चादर कोरडी होती. भागू चादरीवरून हात फिरवत राहिली, पुन्हा पुन्हा, आणि रडत राहिली. मीही रडले.

त्याच वेळी सासरे मागच्या दारानं आत आले.

त्यांनी घडी बघितली, फाडलेली एक उचलली, मधला कागद बोटांनी चुरगाळला. आपल्या हौदाचा लगदा त्यांना कळायला वेळ लागला नाही.

"हे कशासाठी?"

नजमुन्निसानं सांगितलं. खाली बघून, पण सगळं सांगितलं.

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "नजमू, हा लगदा रद्दीचा हाय. त्यात कचेरीचं कागद हायत, पोरांची पाटपुस्तकं हायत. कुणी वर बिस्मिल्ला लिवलेला असंल, कुणी श्री लिवलेला असंल. ते तू कुठं लावतीस?"

"अब्बा, पाण्यात अक्षर राहतं व्हय? आणि वाणी ह्याच कागदात तंबाखू बांधत्यात."

"तंबाखू बांधणं येगळं. अक्षर गेलं तरी लिवलेलं जात नाय. एक मूठ सुद्धा घ्यायची नाय."

मला संताप आला. बोलायला तोंड उघडलंही होतं. पण माझ्या आधी भागू उठली. तिच्या हातात न वापरलेली एक घडी होती. ती तिनं कपाळाला लावली आणि सासऱ्यांच्या पायाशी ठेवली.

"बाबा, मला ठावं नव्हतं," ती म्हणाली. "आमच्यात बी कागदाला पाय लागला तर पाया पडत्यात. सरस्वती असती. मला नगं हे. देवाच्या नावावर बसून मी बरी झाली, तर ते बरं व्हणं मला लागायचं न्हाई."

ती दाराबाहेर जाऊन पुन्हा त्या दगडावर टेकली. रविवार होता; आई बाजारातून येईल तेव्हा तिच्याबरोबर डोंगरात परत जाणार होती, आणि आम्हाला दोघींना ठाऊक होतं की आता ती पुन्हा खाली उतरायची नाही. थोड्या वेळानं ती उभी राहिली. दगड ओला झाला होता. तिनं पदराचं टोक घेतलं, दगड पुसला, कोपरेनकोपरा पुसला, आणि परत त्याच्यावर न बसता भिंतीला टेकून उभी राहिली.

सासरे हे उंबऱ्याच्या आतून बघत होते.

ते माळ्यावर चढले.  मग रांजणाचं झाकण सरकल्याचं ऐकू आलं. खाली आले तेव्हा त्यांच्या धोतराच्या ओच्यात सणाच्या वड्या होत्या. त्यांनी त्या हौदात सोडल्या आणि बाह्या वर केल्या.

"हा कोरा हाय," ते म्हणाले. "ह्याच्यावर अजून कुणाचंच नाव नाय. नजमू, कापूस आण."

 

अर्धा रांजण त्या आठवड्यात संपला. त्यांनी एकच अट घातली. वापरलेली घडी रस्त्यावर, उकिरड्यावर पडता कामा नये. जुन्या, फाटलेल्या कुराणाची पानं जशी आपण मातीत देतो, तशी ती मातीत द्यायची. म्हणून भागूच्या गाठोड्यात घड्यांबरोबर एक खुरपंही गेलं. तिच्याबरोबर पुण्याला गोजरबाई आणि नजमुन्निसा गेल्या. मी स्टँडवर सोडायला गेले होते. भागू एस्टीत खिडकीला बसली, पण बाकाच्या कडेला, उडी मारायच्या तयारीत असल्यासारखी.

पुढचं मला नजमुन्निसानं सांगितलं. नारायणगाव गेलं. मंचर आलं. गाडी थांबली, माणसं उतरली, चढली. भागूनं खिडकीबाहेर तो रस्ता बघितला, जिथून ती चालत माघारी गेली होती. तिनं बाकावर हात फिरवून बघितला, आणि मग मागं सरकून पाठ टेकली. शेजारी एक म्हातारी येऊन बसली. भागूच्या खांद्यावर डोकं ठेवून खेडपर्यंत घोरत होती.

दवाखान्यात ऑपरेशन झालं, पण पहिल्या खेपेला टाके धरले नाहीत. नजमुन्निसा हे सांगायला एकटीच परत आली. आता तीन महिने थांबून पुन्हा शिवणार होते, आणि घड्या संपत आल्या होत्या. वॉर्डातल्या तशाच आणखी दोघींना भागू आपल्यातल्याच देत होती.

सासरे ऐकून सरळ माळ्यावर गेले. या वेळी त्यांनी रांजणच खाली आणला.

मला राहवलं नाही. म्हटलं, "अब्बा, थोडा ठेवा. तुमच्या कुराणाला उरू द्या."

"अल्लानं माझ्याकडं कागद मागितलेला नाय," ते म्हणाले. "हिला लागतोय."

त्यांनी रांजण हौदात उपडा केला, आत पाणी फिरवून तळाचा चुरासुद्धा धुऊन घेतला. त्या वयात ते पुन्हा पहाटेपासून हौदात कागद उचलायची चाळण बुडवायला उभे राहिले. कागद इतका पांढरा निघत होता की भिंतीवर वाळायला लावल्यावर उन्हात बघवत नव्हता. त्यावर कुणी लिहायचं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. तसला कागद त्यांच्या हातून पुन्हा निघाला नाही. दुसरा सण आणून कुटण्याची ताकद राहिली नव्हती, आणि त्यांची हौस त्यांच्याबरोबरच गेली.

पण त्याआधी एका उन्हाळ्यात भागू आली.

रविवारच होता. गोजरबाईनं ओझं ओट्यावर टेकवलं. मागून भागू आली, हातात ते खुरपं. दवाखान्याच्या आवारातल्या आंब्याच्या बुडाशी तिनं एकूण एक घडी पुरली होती. खुरपं झिजून अर्धं झालं होतं. तिनं ते सासऱ्यांपुढं ठेवलं आणि सवयीनं दाराबाहेरच्या दगडाकडं वळली.

"तिकडं कुठं?" सासरे म्हणाले. "जहाँआरा, गोधडी टाक. नवी."

मी पेटीतली नवी गोधडी काढून अंथरली. भागू उभीच राहिली. मग हळूच टेकली. चहा झाला. गोजरबाई पुण्याच्या गोष्टी सांगत होती, टाके दुसऱ्यांदा कसे धरले, डॉक्टरीणबाई कशी हसली.  पेला खाली ठेवून भागू एकदम उठली, आणि उठता उठता तिनं मागं वळून गोधडीकडं बघितलं.

गोधडी कोरडी होती. कोरडी असणारच होती, पण आम्हीही सगळ्यांनी बघितलं. फक्त सासरे भिंतीकडं तोंड करून बसले होते.

"का उठलीस?" ते तिकडंच बघत म्हणाले. "बैस, पोरी. अजून बैस."