विमानाने टिपलेला भारा

माझ्या मुलाने, अभिमनने, आत माणूस न बसता उडणारे विमान तयार केले तेव्हा त्याचे पहिले कौतुक मी केले होते. त्यामुळे पुढे जे घडले त्याबद्दल संतापण्याचा पहिला अधिकारही माझाच.

१९९३ सालची दिवाळी नुकतीच झाली होती. अभिमन जळगावला इंजिनीअरिंगच्या मुलांना शिकवत असे. सुट्टीत तो भडगावजवळच्या आमच्या गावी विमान घेऊन आला. हलक्या लाकडाचे सहा फुटी पंख, पुढे लहानसे पेट्रोल इंजिन आणि पोटाशी बांधलेला कॅमेरा. बांधावर उभे राहून हातातल्या पेटीने तो ते केळीच्या बागांवरून फिरवी.

केळीवरचा करपा रोग बागेच्या मध्यात सुरू होतो आणि काठावर उभ्या माणसाला दिसतो तोवर निम्मी बाग गेलेली असते. अभिमनच्या फोटोत आमच्या बागेतला पिवळा पट्टा स्वच्छ दिसला. तेवढीच पाने आम्ही कापून जाळली.

"आई, ही तर सुरुवात आहे," तो म्हणाला. "आखाती युद्धात अशी विमाने शत्रू हेरायला वापरली. आपण त्यांच्याकडून औषध फवारून घेऊ. गिरणेला पूर आला तर अडकलेली माणसे शोधू. पिंपळनेरकडच्या पाड्यांवर रस्ता नसला तरी लस पोचेल."

मला त्याचे म्हणणे पटले होते. आजही पटते.

माझे धाकटे दीर शालिग्राम गावच्या फळविक्री सोसायटीचे चेअरमन. त्यांच्या बागेतून त्या पंधरवड्यात सात घड नाहीसे झाले होते. फवारणीचे मोठे विमान सोसायटीच्या खर्चाने करू, असा शब्द त्यांनी अभिमनला दिला आणि त्याच्याकडून सगळे फोटो मागून नेले. दुसऱ्या दिवशी त्यांतला एक फोटो सोसायटीच्या दाराशी चिकटवलेला होता. केळीच्या दोन ओळींमधून डोक्यावर भारा घेतलेली बाई चालली होती. खाली शाईने लिहिले होते, 'भिकुबाई. हिला कोणीही बागेत घेऊ नये.'

भिकुबाई तीस वर्षे आमच्या बागांतले गवत कापून नेत होती. तिच्या शेळ्या त्यावर जगत आणि आमची निंदणी आपोआप होई. गवत नेणाऱ्या बाईला हटकायचे नाही, ही माझ्या सासूबाईंच्या काळापासूनची रीत. ती माझ्या दारात आली, पण ओट्यावर चढली नाही.

"अक्का, मी चोर नही शे. बठ्ठा गाव माले देखी ऱ्हायना." सगळे गाव तिच्याकडे बघत होते, हे मलाही दिसत होते.

मी चप्पल घातली आणि तिला घेऊन सोसायटीत गेले. केळी नेणाऱ्या गाडीची वाट पाहणारे शेतकरी तिथे बसलेच होते. अभिमनही होता.

"भाऊजी, हा फोटो कोणाला विचारून लावलात?"

"वहिनी, फोटो खोटं बोलत नाही. बाई माझ्या बागेत आहे की नाही? डोक्यावर ओझं आहे की नाही? गवतात घड लपवलाय."

"एकटीने?"

"एकटीच दिसतेय ना!"

"मग चला बागेत. तुम्हीही एकटेच घड उतरवा, गवतात बांधा आणि डोक्यावर घ्या. आम्ही पाहतो."

"मी? या वयात?"

"भिकुबाई तुमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे."

मागून म्हातारे तोताराम आबा म्हणाले, "चेअरमन, चला की. खुर्चीत बसून घड उतरत नाही." हशा झाला. आता शालिग्रामना बसून राहणे शक्य नव्हते.

त्यांची बाग उंच वाणाची. तिथे घड उतरवायला दोघे लागतात. एक जण खोडावर कोयता घालतो, दुसरा खांद्यावर घडी केलेले पोते ठेवून झुकणारा घड झेलतो. गावात मीठ विकायला येणाऱ्यालाही हे ठाऊक असते. पण शालिग्रामनी वीस वर्षांत कोयता धरला नव्हता. त्यांनी खोडावर घाव घातला. दुसरा घातला. झाड कलले, ते घड झेलायला धावले आणि घड त्यांच्या पायाशी आपटून फुटला. पांढऱ्या सदऱ्यावर चिकाचे डाग पडले.

"हा न्या बाजारात," मी म्हणाले. "तुमचे सात घड दोन-दोन माणसांनी नेले आहेत. तुमच्याच कापणीच्या टोळीला विचारा. आणि आधी हिची माफी मागा."

त्यांनी मान खाली घालून माफी मागितली. मी अभिमनकडे वळले.

"आई, मी फक्त फोटो काढला," तो पुटपुटला.

"फक्त? करप्यासाठी उडवलेस आणि माणसाचा फोटो दुसऱ्याच्या हाती दिलास. विमान मिळेल म्हणून दिलास. यांना घड कसा उतरतो ते कळत नाही, तुला तर कळत होते!"

"पुढे आभाळात अशी हजारो असतील. कोणाकोणाला अडवशील?"

"हजारांचे मला माहीत नाही. हे एक माझ्या घरातले आहे. उडवायच्या आदल्या दिवशी ज्या ज्या बागेवरून जाणार, तिथल्या मालकाला आणि मजुराला सांगायचे. माणूस दिसला तर तो फोटो त्याच्याच हाती द्यायचा."

"असं दारोदार सांगत कोणी विमान उडवतं का?"

"मग उडवू नकोस."

पंख चादरीत गुंडाळून तो दुपारच्या एसटीने गेला. अक्षय्य तृतीयेला, आमच्या आखाजीला, आला नाही. मीही बोलावले नाही.

गवताला ये म्हणून भिकुबाईला मी दोनदा निरोप पाठवला. तिसऱ्यांदा स्वतः गेले. तिने बसायला गोधडी टाकली, चहा दिला, शेळ्या विकल्याचे सांगितले.

"तुमनावर राग नही, अक्का," ती म्हणाली आणि तिने आभाळाकडे बोट केले. "पन आते बागमा गऊ का मान वरच जास. खाले इळा कसा चालाडू?"

या पावसाळ्यात आमच्या बागेत गवत गुडघ्यापर्यंत आले आहे. ते कापायला मी कोणालाही लावलेले नाही.