मागच्या दाराचं कुलूप

कुलसचिवांचा फोन आला की मी समजते, आला बाई तो दिवस. "ताई, यंदा कार्यक्रम अगदी भावपूर्ण करायचाय," म्हणे. अहो, दर वर्षी भावपूर्णच असतो! पांढरी फुलं, मेणबत्त्या, मौन आणि कुलगुरूंचं भाषण. त्यात 'दुर्दैवी घटना' हे शब्द इतक्या वेळा येतात की ऐकणाऱ्याला वाटावं, वीजच पडली होती.

वीजबीज काही पडली नव्हती. बारा वर्षांपूर्वी वाचनालयाला आग लागली आणि मागच्या दाराला साखळी घालून कुलूप लावलेलं होतं. का, तर मुलं त्या दारानं पुस्तकं पळवतात. किल्ली ग्रंथपालांच्या खिशात आणि ग्रंथपाल पलीकडच्या इमारतीत बैठकीला. आठ मुलं त्या दाराशी सापडली. त्यातला एक माझा धाकटा भाऊ, टिल्लू. चांगला सहा फूट उंच होता, पण घरात शेवटपर्यंत टिल्लूच.

विद्यापीठानं दाराचं नाव कधी काढलं नाही. मग लोक काय, तोंडाला येईल ते बोलतात. मुलंच आत चहा करत होती म्हणे, मुलंच घाबरून भलतीकडे पळाली म्हणे. शेजारीण तर आईच्या तोंडावर म्हणाली, "आजकालची पोरं, ऐकतात कुठे कुणाचं!" आई त्या दिवशी जेवली नाही. तेव्हापासून तिनं एकच धोशा लावलाय. "त्या स्टेजवरून त्यांनी एकदा कबूल करू दे, दार बंद होतं म्हणून. माझ्या पोराची चूक नव्हती एवढं मला या कानांनी ऐकायचंय. मग नाही जायची मी त्या कार्यक्रमाला." आणि तिला ऐकू तर दर वर्षी आणखी कमी येतंय. "अगं आई, ती माणसं जन्मात बोलायची नाहीत," असं सांगून सांगून माझा घसा बसला. ऐकेल तर शपथ!

यंदा मला चार शब्द बोलायला सांगितलं होतं. "थोडक्यात हं, ताई. आणि तांत्रिक बाबी तेवढ्या टाळा." तांत्रिक बाबी म्हणजे दार. मी बरं म्हटलं आणि मनात म्हटलं, थांब, दाखवते तुला.

सभागृह गच्च भरलं होतं, कारण हजेरी सक्तीची होती. मागच्या रांगांत मुलं मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसली होती. त्यांचा तरी काय दोष, ती तेव्हा पहिली-दुसरीत असतील. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी आईला बाथरूमला जायचं होतं. पुढून लांब पडेल म्हणून मी तिला धरून मागच्या दाराकडे नेलं. दाराच्या दोन्ही कड्यांतून साखळी ओवलेली होती आणि साखळीला हे एवढं कुलूप.

माझा विश्वासच बसेना. दाराशी एक तरुण प्राध्यापिका उभी होती. मी विचारलं, "हे काय आहे?"

"हजेरी झाली की मुलं इथून सटकतात ना," ती म्हणाली. "म्हणून कुलसचिव सरांनी लावायला सांगितलं. फक्त स्मृतिदिनापुरतं."

स्मृतिदिनापुरतं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईनं साखळीला हात लावून पाहिला आणि "राहू दे ते बाथरूम," म्हणत ती मागे वळली. ती चिडली असती, रडली असती, तरी मला चाललं असतं. तिला पहिल्या रांगेत बसवून मी तशीच तरातरा कुलसचिवांकडे गेले.

"ताई, आत्ता नको ना," ते हलक्या आवाजात म्हणाले. "कुलगुरू आलेत. मौन आटपलं की लगेच उघडतो."

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. लिहून आणलेला कागद मी पर्समध्येच राहू दिला.

"माझा भाऊ गेला तेव्हा वाचनालयाचं मागचं दार कुलूप लावून बंद केलेलं होतं," मी माइकवर म्हटलं. "आज या सभागृहाचंही आहे. मागे वळून बघा. ते उघडल्याशिवाय मी इथून हलायची नाही."

सगळ्या माना मागे वळल्या. मोबाइल खाली गेले. कुलगुरूंनी कुलसचिवांकडे पाहिलं, कुलसचिवांनी माझ्याकडे. मी माइक घट्ट धरून उभी. शेवटी तो कुलसचिवच उठला, खिशातून किल्ली काढली आणि मधल्या वाटेनं, सगळ्यांच्या देखत, मागे चालत गेला. कुलूप निघालं. साखळी खळखळत खाली पडली आणि दार उघडलं. बाहेर बागेतलं ऊन दिसत होतं.

पहिल्या रांगेत आई उठून उभी राहिली होती. ऐकू कमी येतं, त्यामुळे ती बोलते ते मोठ्यानंच. साऱ्या सभागृहाला ऐकू गेलं.

"एवढाच वेळ लागतो?"