ढगळ्यासाठी चार पिशव्या

ढगळ्याचं नाव शिवणवाल्या ताईनेच ठेवलेलं. पिल्लू होतं तेव्हा त्याचं कातडं अंगाला दोन मापं मोठं होतं. मानेवर चुण्या, पोटाखाली झोळ, जणू वाढत्या अंगाचं म्हणून कुणीतरी सैल शिवून घातलंय. गल्लीच्या टोकाला, टेकडीला पाठ लावून ताईची एक खोली. आत मशीन, इस्त्री, खाट, आणि उंबऱ्यावर हे ध्यान. पायडल मारता मारता ती त्याच्याकडे बघून गुणगुणायची:

मापाविना शिवलं तुला, कुण्या बाईनं शिवलं,
उरल्यासुरल्या कापडात उभं अंग लपवलं.

वर्षभरात ढगळ्या भरला. कातडं बेतशीर बसलं, पण नाव राहिलं ते राहिलंच.

त्या उन्हाळ्यात बिबट्या टेकडीवरून खाली यायला लागला. आधी शाळेच्या बाईंची मांजर गेली. मग रहिवासी मंडळाच्या अध्यक्षांच्या घरचं, बिस्किटांवर वाढलेलं पांढरं कुत्रं गेलं. मागच्या अंगणात त्याचा पट्टा तेवढा सापडला, बक्कल लावलेलंच. गल्लीच्या तोंडचं पाणी पळालं. दिवेलागणीच्या आधीच कड्या लागू लागल्या. वनखात्याने टेकडीच्या मध्यावर पिंजरा आणून ठेवला. पुढच्या अर्ध्या भागात पडणारं दार आणि मागच्या अर्ध्यात, जाड जाळीपलीकडे, आमिष. आमिष जिवंत हवं आणि आवाज करणारं हवं.

तेव्हा गल्ली ताईच्या दारात आली.

आजवर ही माणसं मापं द्यायला यायची, नाहीतर बाही घट्ट झाली म्हणून तोंड वाकडं करायला. त्या सकाळी पहिल्यांदाच काहीतरी मागायला आली. अध्यक्ष स्टुलावर बसले, शाळेच्या बाई खाटेवर, गल्लीतला ड्रायव्हर दाराला टेकून उभा. घरात कप दोनच, म्हणून ताईने शेजारच्या म्हातारीकडून दोन मागून आणले.

"कप फोडू नका म्हणावं," म्हातारी पलीकडच्या घरातून ओरडली. "आणि त्या मेल्याला काय न्यायचं ते न्या. जाता येता माझ्या काठीवर भुंकतो."

"ताई, तुमचा आवाज कसा खणखणीत," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली. "म्हणजे ढगळ्याचा."

"दोघांचाही," ड्रायव्हर म्हणाला, आणि सगळे हसले. तीही हसली.

वनखात्याचा रक्षक सोबत होता. त्याने हाताने जाळीची जाडी दाखवली. "ह्याला नख लागत नाही, बाई. जनावर आत शिरलं की दार पडलं, आणि तुमचं कुत्रं तुमच्या घरी. आठ दिवसांचं काम."

तिने नाही म्हणायला हवं होतं. पण अध्यक्षांनी तिच्या हातचा चहा संपवून "वा" म्हटलं होतं. शाळेच्या बाईंनी तिचा हात हातात घेऊन "तुमचे उपकार विसरणार नाही हो" म्हटलं होतं. इतक्या वर्षांत या गल्लीने तिचा हात कधी धरला होता? ढगळ्या खाली मान घालून सगळ्यांच्या चपला हुंगत होता. ती "बरं" म्हणाली.

पहिले तीन दिवस ती स्वतः वर गेली. शेवटच्या घरामागचं तारेचं कुंपण, मग पाण्याची टाकी, मग कोरडा ओढा, मग झुडपांतून चढ. एका हातात काठी, दुसऱ्या हातात वाजवायला पत्र्याचा डबा, कारण जनावर जवळ असलं की आवाज करा असं खात्याने सांगितलं होतं. भात आणि पाण्याची बाटली गळ्यातल्या पिशवीत. काळीज असं उडायचं की डबा वाजवायची गरजच नव्हती. वर पोचली की ढगळ्या जाळीला अंग घासायचा, आणि जाळीतून बाहेर आलेलं नाक ती दोन बोटांनी धरायची.

चौथ्या दिवशी निरोप आला, तिच्या बहिणीचं ऑपरेशन ठरलं. चार दिवस जाणं भाग होतं.

गल्लीत घरं बारा. जायला तयार झाले तिघे: ड्रायव्हर, शाळेच्या बाई आणि अध्यक्ष. चौथ्या दिवसाला कुणी मिळेना.

"मी जाईन," शेजारची म्हातारी म्हणाली.

"आजी, तुम्ही नळापर्यंत जाताना तीनदा बसता," ड्रायव्हर म्हणाला.

"मग चारदा बसेन. तुझ्या बापाची टेकडी आहे का?"

पुन्हा हशा पिकला. ताईने नाइलाजाने तिचं नाव धरलं. त्या संध्याकाळी बसून तिने गळ्यात अडकवायच्या चार पिशव्या शिवल्या, ज्याची त्याची पिशवी ज्याच्या त्याच्या कापडाच्या तुकड्यातून. ड्रायव्हरची खाकी, बाईंची जांभळ्या ब्लाउजच्या कापडाची, अध्यक्षांची निळ्या पडद्याची, म्हातारीची ठिपक्यांच्या जुन्या चादरीची. पट्ट्यांना दुहेरी शिवण घातली. निदान पिशवी नव्हती असं तरी कुणी म्हणू नये. पहाटेच्या गाडीला निघायचं म्हणून त्याच दुपारी वर जाऊन ढगळ्याला सांगून आली, चार दिवस, फक्त चार. तो भाताच्या भांड्यातून मान वर काढायला तयार नव्हता.

बहिणीचं सगळं नीट पार पडलं. पाचव्या दिवशी भर दुपारी ताई बसमधून उतरली. हातात ढगळ्यासाठी मागून घेतलेल्या हाडांची पुडी होती. गल्लीच्या तोंडाशी ड्रायव्हर गाडी धूत होता.

"ताई, आलात? मस्त आहे तुमचा पठ्ठ्या. मी गेलो तर शेपटी अशी, पंख्यासारखी."

पुढे अध्यक्ष गॅलरीत होते. "पाणी भरपूर ठेवलंय, काळजी नको. आपलं जनावर काही अजून फसलं नाही. रक्षक रोज येतो, खालून दुर्बिणीने बघतो, दार उघडंच."

शाळेच्या बाई फाटकातून म्हणाल्या, "पहिले दोन दिवस फार भुंकला हो. रात्रंदिवस. आम्हाला डोळ्याला डोळा नाही. मग रुळला बिचारा. आता काही आवाज नाही."

ताई जागच्या जागी थांबली. ढगळ्या रुळणाऱ्यांतला नव्हता. नळावर नवी बादली दिसली तरी तो आठवडाभर भुंकायचा.

म्हातारी आपल्या दारात पाठ करून बसली होती. काल तिचा दिवस होता. तिने वळूनही पाहिलं नाही.

"मावशी, काल गेला होतात ना?"

"जा," म्हातारी भिंतीशी बोलल्यासारखी म्हणाली. "बघून ये."

दांडी मारली हिने, ताईच्या मनात आलं. तोंड दाखवायला जागा नाही म्हणून पाठ दाखवतेय. सामान खोलीत टाकून, काठी न घेता, डबा न घेता ती निघाली.

कुंपण ओलांडलं आणि पहिल्याच काटेरी झुडपावर निळं काहीतरी दिसलं. अध्यक्षांच्या पडद्याची पिशवी. आत भाताचा गोळा वाळून दगड झालेला, बाटलीचं बूच न उघडलेलं. कुंपणापासून दहा पावलं.

पाण्याच्या टाकीमागे जांभळी पिशवी होती, घडी घालून, वर दगड ठेवलेली. वाऱ्याने उडू नये म्हणून. बाई सगळ्या गोष्टी नीटनेटक्या करायच्या.

खाकी पिशवी ओढ्यात होती. ड्रायव्हर सगळ्यांत लांब आला होता. तिथे वाळूत बिबट्याच्या पंजाचा ठसा होता, वाटीएवढा, आणि ठशाजवळून वळलेले चपलांचे लांब लांब ढांगांचे ठसे.

तिला एकदम सगळं दिसलं. ड्रायव्हर पहिला आला आणि ओढ्यातून पळाला. दुसऱ्या दिवशी बाई टाकीपाशी थांबल्या, म्हणून त्यांना ओढ्यातली पिशवी दिसली नाही. तिसऱ्या दिवशी अध्यक्ष कुंपणाशीच थांबले, त्यांना टाकीमागची दिसली नाही. एक दिवस उपाशी राहिला तर काय मरतो, काल कुणीतरी घातलंच असेल. प्रत्येक जण आपल्या आधीच्यावर विसंबला होता. आणि कुणी खोटं बोलतंय असं कुणाला वाटलंही नसेल.

तिन्ही पिशव्या छातीशी धरून ती चढली. हाका मारत नव्हती. हाक मारली आणि ओ आली नाही तर काय करायचं, हे तिला ठाऊक नव्हतं.

पिंजऱ्याच्या गजाला ठिपक्यांची पिशवी टांगलेली होती.

जाळीच्या खालच्या फटीतून आत सरकवलेलं भांडं पाण्याने काठोकाठ भरलेलं होतं. पाण्यावर एक वाळलं पान तरंगत होतं. बाजूला भात, दुधात कालवून मऊ केलेला, मुंग्या लागलेला. आणि भांड्यापासून हातभर अंतरावर ढगळ्या, कुशीवर पडलेला, तोंड गल्लीच्या दिशेला. त्याच्या अंगावर जाळीतून काठीने ढकलून ढकलून कुणीतरी एक जुनं फडकं पसरलं होतं. नीट बसलं नव्हतं. मागचे पाय उघडे होते.

पिंजऱ्याभोवती गवत दबलेलं. बिबट्या येऊन गेला होता, जाळीला अंग लावून बसलाही होता. आत शिरला नव्हता. गल्लीतल्या तिघांपेक्षा तो जवळ आला होता.

तिने मागची कडी काढली. फडकं बाजूला केलं. मानेवर चुण्या, पोटाखाली झोळ. कातडं पुन्हा दोन मापं मोठं झालं होतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. खालून पत्र्याचा डबा वाजल्याचा आवाज येऊ लागला, थांबत थांबत. मग म्हातारी दिसली. एका हातात काठी, दुसऱ्यात डबा, खांद्यावर चादर. ती चारदा बसली होती, गुडघ्यांना माती होती.

"काल आले तेव्हा गेलेला होता," ती धापा टाकत म्हणाली. "वाटेत तिन्ही पिशव्या बघितल्या, तेव्हाच कळलं. तरी पाणी ओतलं. म्हटलं, उठला तर."

"मला खाली सांगितलं का नाही?"

"माझ्या तोंडून सांगू? जन्मभर मेला म्हणत आले त्याला."

दोघींनी चादरीच्या चार टोकांना धरून त्याला खाली आणलं. ओझं काहीच नव्हतं. कुंपणाशी गल्ली जमलेली. कुणी "अरेरे" म्हणालं. ड्रायव्हर म्हणाला, बिबट्या बघून हार्ट फेल झालं असणार, होतं तसं. अध्यक्षांनी चादरीत डोकावून पाहिलं आणि नाकाला रुमाल लावला.

"खाली कशाला आणलंत, ताई? आता नाहीतरी... तिथे राहू दिला असता तर वासाने तरी बिबट्या आला असता."

ताईने तिन्ही पिशव्या कुंपणाच्या खांबावर मांडल्या. खाकी, जांभळी, निळी.

"ह्या कुणाच्या?" तिने विचारलं.

कापड प्रत्येकाच्या ओळखीचं होतं. बाईंच्या अंगात त्या वेळी तोच जांभळा ब्लाउज होता. कुणी हात पुढे केला नाही. मग एकेकाला घरातली कामं आठवली.

भांडण काही झालं नाही. झालं असतं तर बरं होतं. ताईने तिन्ही पिशव्या धुऊन, मशीनसमोरच्या खिळ्याला, येणाऱ्याच्या डोळ्यासमोर टांगल्या. महिन्याभरात गल्लीतली शिलाई बाजारातल्या दुसऱ्या टेलरकडे जायला लागली. तो म्हणे बाही छान बसवतो. पिंजरा खात्याने उचलून नेला. बिबट्या अधूनमधून येतो, ठसे उमटवतो आणि जातो.

ढगळ्याच्या जागी, उंबऱ्यावर, आता म्हातारी बसते. काठी आडवी, डबा मांडीवर. एका सकाळी अध्यक्ष घाईघाईने समोरून निघाले, मान टेकडीच्या उलट दिशेला वळवून. म्हातारीने काठी उचलली आणि डबा दणादण वाजवला. अध्यक्ष दचकून नाल्यात पाय घालता घालता वाचले.

"काय हे आजी!"

"जनावर जवळ आलं की वाजवायचं. खात्याने सांगितलंय."

ते पुटपुटत गेले. म्हातारी खुदकन हसली आणि दाद मिळेल म्हणून आत बघू लागली. ताईचं पायडल थांबलं होतं.

"मावशी, माझ्यासाठी पण वाजवा एकदा," ती म्हणाली. "कुणी वा म्हटलं, कुणी हात धरला, आणि मी त्याला देऊन टाकलं. पिशव्या शिवून मोकळी झाले."

म्हातारीने काठी उचलली. बराच वेळ तशीच धरली. मग डबा पालथा करून बाजूला ठेवला आणि सरकून उंबऱ्यावर थोडी जागा केली. ताई उठली नाही. तिने सुई डोळ्याजवळ नेली, दोरा ओवायला गेली. तो काही ओवला जाईना.